गोडेतेलातल्या होड्या

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहते. बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. शाळेत असताना चित्रकला बरी होती, म्हणून आता ऑइल पेंटिंग हातात घेतलंय. धाकट्या नणंदेनं मालवणात घर बांधलंय. तिच्या हॉलसाठी समुद्र, पौर्णिमेचा चंद्र आणि कोळ्यांच्या होड्या असं दोन बाय तीन फुटांचं चित्र आषाढात सुरू केलं. आता भाद्रपद संपत आला तरी होड्या बोटाला चिकटतात. मधे जवसाचं तेल संपलं होतं आणि बाहेर मुसळधार पाऊस, म्हणून होड्यांच्या रंगात थोडं गोडेतेल घातलं होतं, तेही सांगून टाकते. आकाश निळंशार झालंय, चंद्र पापड चिकटवल्यासारखा दिसतो आणि पाण्यातला उजेड शिडी टेकवल्यासारखा. आमचे हे म्हणतात, "कॅलेंडर झकास झालंय." तुळशीची लग्नं झाली की नणंदेची वास्तुशांत आहे. सगळं पुसून नवं काढू, की यातच काही करता येईल? फोटो सोबत पाठवते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

ताई, नमस्कार.

फोटो मोबाइलवर मोठा करून तीन-चारदा बघितला. चित्र टाकायचं नाही. आकाश ठेवायचं, होड्या खरवडायच्या, चंद्र लहान करायचा आणि घड्याळ बदलायचं. घड्याळाचं पुढं सांगतो, आधी गोडेतेल.

गोडेतेल म्हणजे शेंगतेल, ते वाळत नाही. आज नाही आणि पुढच्या आषाढातही नाही. ऑइल कलर 'वाळला' असं आपण म्हणतो, पण दोरीवरचा सदरा वाळतो तसा तो वाळत नसतो. सदऱ्यातलं पाणी उडून जातं. जवसाचं तेल कुठं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेतं आणि जागच्या जागी घट्ट होतं. हा गुण जवसाच्या तेलात आहे, अक्रोडाच्या आणि खसखशीच्या तेलात आहे. शेंगदाण्यात आणि खोबऱ्यात नाही. म्हणून तर खोबरेल केसांना चालतं. पिढ्यान्‌पिढ्या जवसाचं लावलं असतं तर वेण्यांच्या काठ्या झाल्या असत्या. पांढऱ्या रंगाच्या ट्यूबांत करडईचं तेल घालतात हे कुठं तरी वाचाल आणि पुन्हा स्वयंपाकघराकडं वळाल, म्हणून आत्ताच सांगतो: ते चित्रकामासाठी वेगळं शुद्ध केलेलं असतं. कढईतलं तेल कढईतच राहू द्या.

तेव्हा होड्यांचा सगळा भाग काढावा लागेल. कॅनव्हासच्या मागून, लाकडी चौकटीच्या आत, जाड पुठ्ठा किंवा जुनी वही सरकवा, म्हणजे दाब दिल्यावर कापडाला पोट सुटणार नाही. मग बोथट सुरीनं रंग ओढून काढा, आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्या टर्पेंटाईनमध्ये भिजवून पुसा. एकदा पुसून भागणार नाही. दोन दिवस थांबा, बोट फिरवा; चिकट लागलं तर पुन्हा पुसा. खाली तेलकट थर राहिला तर वरचा नवा रंग आज ना उद्या तिथंच सुटेल. खिडक्या उघड्या ठेवा. आणि एक गोष्ट मनावर घ्या: तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सुटते, चिंधीच्या गोळ्यात ती कोंडून राहते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून दोरीवर टाका, नाही तर पाण्याच्या बादलीत बुडवा.

आता घड्याळ.

तुमच्या चित्रात क्षितिजावर संध्याकाळची तांबूस पट्टी आहे, पाट्या घेतलेल्या बाया किनाऱ्यावर आहेत, होड्या परत येतायत आणि समुद्रावर हातभर उंचीवर पुनवेचा वाटोळा चंद्र आहे. देखावा गोड आहे, पण मालवणात तो कधीच दिसत नाही. पुनवेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो. कोकणात पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला समुद्र. म्हणजे संध्याकाळी तो घरांच्या आणि माडांच्या मागून वर येतो. समुद्राच्या बाजूला कलतो मध्यरात्र उलटल्यावर, आणि पाण्याजवळ येतो तो पहाटे.

ही चूक मीही केलेली आहे, तीही चारचौघांत. पस्तीस-एक वर्षं झाली असतील. दसरा चौकात शाहू स्मारकच्या दालनात आमचं चौघांचं प्रदर्शन होतं. माझं मोठं चित्र होतं 'मालवणची सांज': सिंधुदुर्ग किल्ला, मागं समुद्रातून वर येणारा पूर्ण चंद्र. लोक थांबून बघत होते, मी मिशीत हसत होतो. देवगडकडचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, मुलाकडं आले होते, तेही आले. बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "मास्तरांनू, ह्यो गाव खंयचो? हंय चंद्र दर्यातून उगवता?" मी काहीतरी 'कलाकाराचं स्वातंत्र्य' वगैरे पुटपुटलो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, नुसते पुढच्या चित्राकडं गेले. ते चित्र मी घरी आणून भिंतीकडं तोंड करून ठेवलं, ते पुढं कधी उलटलं नाही.

तुमचं चित्र मालवणातच टांगायचं आहे. नणंदेच्या घरी येणारा निम्मा गाव समुद्रावर जगणारा असेल. (आणि हो, तिथं मासेमारी करणारे बहुतेक गाबीत आहेत. 'कोळ्यांच्या होड्या' असं त्यांच्यासमोर म्हणू नका.) तेव्हा संध्याकाळ सोडा, पहाट करा. तांबूस पट्टी झाका, बाया काढून टाका.

पहाट केलीत की भरती-ओहोटीचंही आपोआप जमतं. किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणानं गुणून भरतीची वेळ काढतात. पुनव म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकराच्या सुमारास भरती, रात्रीही तशीच. मग सहा तासांनी, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आसपास, पुरी ओहोटी. पाणी मागं गेलेलं, ओल्या वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडलेला आणि त्यावर होड्या एका कुशीवर कललेल्या. ओली वाळू चंद्राचा उजेड आरशासारखा धरते, पण पाण्यापेक्षा मऊ, मळकट. रंगवायला यापेक्षा सुंदर काय पाहिजे? शिवाय वाळूवर टेकलेली होडी काढणं तरंगत्या होडीपेक्षा सोपं जातं, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, मी सांगतो.

संध्याकाळच हवी असं नणंद अडून बसली तर चंद्र बदलावा लागेल. शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर सूर्यास्तानंतर समुद्रावर असते, शिंगं वरच्या बाजूला, खालची कड उजळलेली. अष्टमीचा अर्धा चंद्र रात्री दहा-अकराला पश्चिमेकडं उतरलेला सापडतो. मात्र अर्धा चंद्र म्हणजे निम्मा उजेड नव्हे. पुनवेच्या साधारण दहावा हिस्सा उजेड असतो त्याचा. चित्र खूपच अंधारं होईल. माझं मत पहाटेला.

आता तुम्ही म्हणाल, ही पहाट बघायला मालवणला जाऊ का? गेलात तर उत्तमच, पण आपला रंकाळा तलाव आहे की. चौपाटीवर उभं राहिलं की आपलं तोंड पश्चिमेकडं असतं, पाठीशी गाव. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर जी दिशा, तीच इथं. पंधरा-सोळा दिवसांत कोजागिरी येते. दूध पिऊन झोपा, आणि साडेचारला कुणाला तरी सोबत घेऊन रंकाळ्यावर जा. सव्वापाचनंतर पूर्वेकडं फटफटायला लागतं, त्याआधीचा पाऊण तास तुमचा. रस्त्याचे दिवे डोळ्यांवर येणार नाहीत अशी जागा धरा. मोबाइल पिशवीत टाका. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितला की ती मेहनत पाण्यात. तलावातला दगडी संध्यामठ पाण्यापुढं काळा दिसेल अशी जागा मिळाली तर तीच तुमची होडी समजा.

जाताना पदराला एक मिऱ्याचा दाणा बांधून न्या. हात पूर्ण लांब करून दोन बोटांत तो दाणा चंद्रासमोर धरा. चंद्र त्यामागं जवळजवळ झाकला जातो. एवढाच असतो तो! आकाशात अर्धा अंश. तुम्ही बाटलीचं झाकण ठेवून चंद्र काढलाय, फोटोत कंपासासारखी कड दिसतेय. तीन फुटी कॅनव्हासला तो फार मोठा आहे; शर्टाच्या बटणाएवढा पुरे. मोठा चंद्र काढायची सवय आपल्याला लागली त्याला माझ्या मते नाटकांचे पडदे कारण आहेत. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटकांचे पडदे रंगवले, ही कोल्हापूरची मोठी परंपरा. पण पडद्यावरचा चंद्र शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावा लागतो, म्हणून तो परातीएवढा. हॉलमधलं चित्र माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो.

काठावर रंग काढून बसू नका. त्या उजेडात कुठली ट्यूब कुठली ते कळत नाही. निळा समजून हिरवा लावाल. वही आणि मऊ पेन्सिल पुरे. चार इंचांचा चौकोन काढा आणि त्यात रंग नाही, आकडे लिहा. एक म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे पांढराशुभ्र. आकाश किती? चंद्राभोवती किती? समोरचं झाड किती? पाणी आकाशापेक्षा गडद की उजळ? घरी आल्यावर, चहासुद्धा न घेता, आठवतंय तोवर एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फक्त काळा-पांढरा वापरून ते उतरवा. हे पोस्टकार्ड तुमच्या मोठ्या चित्रापेक्षा मोलाचं आहे.

बहुतेक आकडे असे येतील, पडताळून बघा: आकाश तीनच्या आसपास, चंद्राजवळ चार-साडेचार, पाणी अडीच-तीन, झाडं आणि मठ एक, पाण्यातली चमक सात, आणि नऊच्या वर फक्त चंद्र. तुमच्या फोटोतलं आकाश सहा आहे. सहाच्या आकाशावर चंद्र उजळवायला तुम्ही पांढऱ्याची अख्खी ट्यूब पिळली, तरी तो पापडच राहिला. पांढरं वाढवून चांदणं येत नाही, बाकी सगळं खाली उतरवलं की ते येतं. रशियातल्या आर्खिप कुइंजी या चित्रकारानं 1880 साली पीटर्सबर्गला नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र प्रदर्शनात मांडलं. दालन अंधारं, खिडक्या झाकलेल्या, उजेड फक्त चित्रावर. लोकांना वाटलं, कॅनव्हासच्या मागं दिवा लावलाय. दिवा कसला? गडद रंगांच्या मधोमध नदीची एक उजळ पट्टी ठेवली होती, एवढंच. त्याच चित्राचा दुसरा धडाही घ्या: त्यानं वापरलेले डांबरासारखे रंग पुढं काळवंडत गेले, आणि आज ते चित्र लोकांनी तेव्हा बघितलं तसं दिसत नाही. दुकानात 'ब्राऊन छान खोल येतो' म्हणून कुणी बिट्युमन, म्हणजे हाच डांबरी रंग, पुढं केला तर नको म्हणा.

निळ्याचं सांगायचं राहिलं. चांदणं निळं नसतं. चंद्र म्हणजे राखाडी दगड, डांबरी रस्त्याइतपतच उजेड परत देणारा, आणि येतो तो सूर्याचाच उजेड, उलट जरासा पिवळटच. निळं दिसतं ते आपल्या डोळ्याच्या करामतीमुळं. गच्चीवर जास्वंद असेल तर तिन्हीसांजेला तिच्याजवळ बसा. उजेड उतरला की सगळ्यात आधी लाल फूल काळं पडतं, पानं मात्र बराच वेळ दिसत राहतात. कमी उजेडात डोळ्याचा लाल बघणारा भाग आधी झोपतो आणि निळसर-हिरव्याकडं कल वाढतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. याचा अर्थ तुमच्यासाठी इतकाच: निळा लावा, पण मेलेला, राखाडी केलेला लावा. आणि चांदण्यात लाल होडी लाल दिसत नाही. फोटोतल्या तुमच्या दोन होड्यांचे लाल काठ दुपारचे आहेत.

मिश्रण सांगतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी जवळजवळ निम्मे-निम्मे, त्यात थेंबभर व्हिरिडियन हिरवा. हा झाला तुमचा काळा. ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा, तो काजळीसारखा बसतो. याच काळ्यात टिटॅनियम व्हाइट वाढवत चार ढीग करा: एक, तीन, साडेचार, सात. पॅलेटवर ढीग ओळीनं मांडले की काम निम्मं झालं. प्रशियन ब्लू आवडत असेल तर मोहरीएवढाच घ्या, तो सगळं गिळतो. चंद्रासाठी पांढऱ्यात लेमन यलो नखभर. चंद्राभोवतीचं वलय निळं करू नका. तिथं साडेचारच्या ढिगात बर्न्ट सिएनाचा वास लागेल इतका घाला. ऊबदार राखाडीशेजारी थंड आकाश आपोआप निळं दिसतं, तुम्हाला निळा ओतावा लागत नाही.

जुनं आकाश वाळलेलं आहे. त्यावर पाणी लावून बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, कोरडं घासू नका, रंगाची धूळ नाकात जाते. पुसून वाळलं की जवसाचं तेल कापडाला किंचित लावून पातळ हात फिरवा, जादाचं टिपून घ्या. मग तीनचा ढीग रुंद फ्लॅट ब्रशनं कडेपासून चंद्राकडं आणत जा आणि चंद्राजवळ साडेचार ओल्यातच मिसळा. जुना निळा कुठं कुठं डोकावला तर राहू द्या, तो आता उपकार करेल. एरवी कोऱ्या कॅनव्हासला नियम असा की खालचे थर टर्पेंटाईननं पातळ आणि वरचे तेलकट, नाही तर वरचा आधी वाळून त्याला भेगा पडतात. टर्पेंटाईनऐवजी रॉकेल वापरणारे आमच्या पिढीत पुष्कळ होते. तुम्ही नका वापरू.

आता शिडी.

तुमची पाण्यातली चमक चंद्राखालून निघून तिरकी त्या मोठ्या होडीकडं गेलीय. असं होत नाही. चमक नेहमी चंद्राच्या बरोबर खाली, बघणाऱ्याकडं सरळ येते. किनाऱ्यावर शंभर माणसं उभी असली तर प्रत्येकाला ती आपल्याच पायाशी आलेली दिसते. होडीवर चमक हवी असेल तर होडी उचलून चमकेत ठेवा, चमक वाकवू नका. आणि शिडी का झाली? सगळे फटकारे एका जाडीचे, एका लांबीचे, एका अंतरावर मारलेत म्हणून. पाण्यावरची प्रत्येक लाट म्हणजे एक आरसा. ज्या आरशाचा कोन बरोबर जुळतो तोच चकाकतो. लांबचे आरसे आपल्याला एकावर एक दाटलेले दिसतात, म्हणून क्षितिजाजवळ चमक जवळजवळ सलग, दोऱ्यासारखी बारीक आडवी. जवळ येईल तसे फटकारे मोठे, विरळ, आणि मधे गडद पाणी जास्त. वाऱ्यानं पाणी खवळलं असेल तर पट्टा रुंद. शांत असेल तर अरुंद.

हात असा चालवा. आधी सगळं पाणी अडीच-तीनच्या ढिगानं आडवं भरून घ्या. ते ओलं असतानाच सातचा ढीग, तेल न घालता जाडसर, फ्लॅट ब्रशच्या धारेवर घ्या आणि क्षितिजाशी ब्रश नुसता टेकवा, ओढू नका. खाली येताना थोडं ओढा, मनगट हलकं वळवा, उचला. प्रत्येक चार-पाच फटकाऱ्यांनंतर ब्रश पुसा, नाही तर खालचा काळा वर चढून चमक मळते. मधेच एखादा फटकारा पट्ट्याबाहेर एकटा पडू द्या. शेवटी गडद रंगानं दोन-तीन चमका कापा. इतकं झालं की हात मागं. मला माहितीये, मोह होतो; मी स्वतः ब्रश धुवायला टाकून खोलीबाहेर जातो.

होड्यांकडं येऊ. तुमच्या होड्यांना उंच डोलकाठ्या आणि त्रिकोणी पांढरी शिडं आहेत, मोबाइलवरचं कुठलं तरी विलायती चित्र बघितलेलं दिसतंय. मालवणच्या किनाऱ्यावर तुम्हाला लाकडी होडी दिसेल, तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड. ती उलांडी रंगवलीत की चित्र मालवणचं झालं, वेगळी पाटी लावायला नको. नणंदेला सांगून दिवसा दोन-चार होड्यांचे फोटो मागवा: पुढून, बाजूनं, वाळूवर कललेल्या.

तीन होड्या पुरेत, तुमच्या सात आहेत. एक मोठी, चमकेच्या पट्ट्यात अर्धी शिरलेली. जिथं ती चमकेवर येते तिथं तिची कड धारदार आणि रंग ठार गडद; जिथं गडद पाण्यावर येते तिथं कड विरघळू द्या, सापडली नाही तरी चालेल. ही हरवणारी कड कशी असते ते टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत बघा, किंवा राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात अर्धा तास काढा. पाणी आणि काठ जिथं भेटतात त्या रेषेकडं नाक नेऊन बघा, रेषा नसते तिथं. दुसरी होडी वाळूवर कललेली. तिसरी लांब, नांगरलेली, नुसता एक डाग. आणखी एखादी नांगरलेली घालायचा मोह झालाच तर दोघींची तोंडं एकाच दिशेला ठेवा. नांगरावरच्या होड्या वारा आणि पाणी फिरवील तशा सगळ्या एकदम वळतात. तुमच्या फोटोत त्या बसस्टँडवरच्या रिक्षांसारख्या चारी दिशांना आहेत.

क्षितिजाचंही बघा. तुम्ही वाळूवर उभ्या आहात असं चित्र असेल तर क्षितिज तुमच्या डोळ्याच्या उंचीवर. म्हणजे जवळ असो की लांब, पाण्यावरच्या प्रत्येक होडीत उभा माणूस काढला तर क्षितिजाची रेषा साधारण त्याच्या छातीपाशी-गळ्यापाशी जाईल. फोटोतल्या लांबच्या होड्या क्षितिजाच्या बऱ्याच खाली बसल्यात, म्हणून आपण गच्चीवरून बघतोय असं वाटतं आणि होड्या पाण्यात बसत नाहीत. कंदील हवाच असेल तर एकच, जवळच्या होडीत, मुगाएवढा. त्याच्याखाली त्याची स्वतःची तांबूस रेघ पाण्यात सरळ उतरेल. तेवढ्या जागेत होडीचा लाल काठ दिसला तर मी हरकत घेणार नाही.

वेळेचा हिशेब. कोजागिरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण चार आठवडे मिळतात. अंबरचे रंग लवकर वाळतात, दोन-तीन दिवसांत. जाड पांढरा आठवडा-दोन आठवडे घेईल. तेव्हा चंद्र आणि चमक वास्तुशांतीच्या निदान पंधरा दिवस आधी उरका. वाळल्यावर गडद भाग कुठं कुठं मळकट, कोरडे दिसतील. घाबरून नवा रंग चढवू नका. रंगातलं तेल खालच्या थरानं ओढून घेतलेलं असतं. रिटचिंग व्हार्निशचा एक पातळ हात दिला की रंगांची खोली परत येते. चित्र अंधाऱ्या खोलीत गुंडाळून ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं.

मालवणात समुद्राकडच्या भिंतीवर टांगू नका, ती भिंत पावसात पाझरते. चौकटीच्या मागं चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही. शेवटचं व्हार्निश मात्र सहा महिन्यांआधी नाही. वास्तुशांतीला चित्र बिनव्हार्निशचंच द्या, आणि मे महिन्यात आंबे खायला नणंदेकडं जाल तेव्हा व्हार्निशची बाटली आणि रुंद ब्रश सोबत न्या.